‘ज्याला बरं व्हायचंय तो होतोच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. गावच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवतो, त्यामुळे ‘तुमच्या कामाचं आहे’ म्हणून लोक असलं काही धाडत असतात. सहसा मी उत्तर देत बसत नाही. परवा मात्र दर महिन्याला शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एका मावशींनी नातवाचा मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “भाऊ, हे लिवलंय तसं असंल तर बंद करू का गोळ्या?” म्हणून हे लिहितो आहे.

मेसेज लांबलचक आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शुगर हा बसून खाणाऱ्यांचा आजार, कष्ट करणाऱ्याला तो होत नाही. पूर्वी २०० पर्यंत शुगर नॉर्मल धरायचे, कंपन्यांनी गोळ्या खपवायला आकडा खाली आणला. सरकारने औषधं फुकट केली, पाच लाखांचं कार्ड दिलं, तरी लोकांची शुगर चढलेलीच, कारण आळस. गोळ्यांनी किडनी जाते आणि इन्शुलिन लागलं की संपलंच. काढा दोन महिने घ्या, रोग मुळापासून जातो. आणि शेवटी, ज्याला बरं व्हायचंय तो होतोच.

एकेक मुद्दा घेतो.

‘बसून खाणाऱ्यांचा आजार.’

खेड्यापुरतं पाहिलं तर यात काही तथ्य आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर मधुमेहाची पाहणी केली, तिचा पंधरा राज्यांचा अहवाल २०१७ साली आला. त्यात सगळ्या राज्यांच्या ग्रामीण भागात मधुमेह बऱ्या परिस्थितीतल्या लोकांत जास्त निघाला. पण त्याच अहवालात हेही आहे की चंदीगड, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र इथल्या शहरांत उलटं झालं आहे, तिथे गरिबांमध्येच प्रमाण जास्त आहे. पाहणीत ज्यांना मधुमेह सापडला त्यांतल्या ४७ टक्के लोकांना तो आहे हे तोवर माहीतच नव्हतं. पुढे २०२३ साली सबंध देशाचे आकडे आले: मोठ्या माणसांत ११.४ टक्के, म्हणजे १० कोटींवर माणसं. गोव्यात तर २६.४ टक्के, देशात सगळ्यांत जास्त. एवढी माणसं काही गादीवर लोळत नाहीत.

कष्टाचं शरीर आणि शुगर यांचं कोडं ज्यांनी उलगडलं ते आपल्या पुण्यातलेच आहेत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोने कमी. हातपाय काडीसारखे, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. उणं होतं ते मांस. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं, २२.३ चा निर्देशांक. आत मोजलं तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून तसा नसतो, हे त्या एका फोटोने जगाला पटलं. साखर जिथे जळायची ते मांसच अंगावर कमी, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातल्या उपासमारीपासून.

युक्रेनमध्ये १९३२-३३ च्या भयंकर दुष्काळात जी मुलं पोटात होती त्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांना दुष्काळ लागला त्यांच्यात मोठेपणी मधुमेहाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडची बाहत्तरच्या दुष्काळातली माणसं आली. त्यांच्या आया पोट घेऊन रोजगार हमीवर खडी फोडत होत्या. ती पोरं आज पन्नाशी ओलांडून माझ्या काउंटरपुढे उभी असतात, आणि मेसेज त्यांना खादाड म्हणतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला वेगळा, पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ साली यादीत घेतला होता आणि १९९९ साली काढून टाकला होता. भुकेतून येणाऱ्या शुगरला पुन्हा नाव मिळायला पंचवीस वर्षांवर काळ गेला.

‘पूर्वी २०० पर्यंत नॉर्मल.’

नव्हती. उपाशीपोटी १४० ही जुनी रेघ होती. १९९७ साली अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने ती १२६ वर आणली आणि १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच धरली. कारण डोळ्याच्या पडद्याची तपासणी करताना दिसत होतं की रक्तस्रावाच्या खुणा १४० च्या बऱ्याच आधीपासून सुरू होतात. २०० हा आकडा ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेल्या रक्ताचा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या तपासण्या एकात कालवल्या. ‘मधुमेहपूर्व’ अवस्था १०० ला धरायची की ११० ला, याबद्दल डॉक्टरांतच मतभेद आहेत आणि त्यावर जरूर बोलावं. पण माझ्याकडे येणाऱ्यांची अडचण १०० आणि ११० मधली नाही. पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हाच २८०, ३२० निघालेली माणसं आहेत ती.

‘सगळं फुकट आहे, तरी शुगर चढलेली, कारण आळस.’

या वाक्याने मला सगळ्यांत जास्त त्रास झाला, म्हणून इथे जरा थांबतो.

फुकट आहे हे खोटं नाही, आणि जे आहे त्याची किंमत मला कळते. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी म्हणून आशाताई दारोदार फॉर्म भरतात. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलं. आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन मिळते, ग्लिमेपिराइड मिळते, दोन्ही शुगरच्याच गोळ्या. दुकानदार असूनही मी कितीतरी जणांना तिकडे पाठवतो, कारण त्यांनी माझ्याकडे पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

आता गेल्या पावसाळ्यातल्या एका बाईंची पिशवी बघा. साडीच्या दुकानाची पिवळी प्लॅस्टिकची पिशवी, बंद तुटलेले, गाठ मारलेली. ती त्यांनी माझ्या काउंटरवर पालथी केली. आतून निघालं ते असं: आरोग्य केंद्राचा केस पेपर, घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला. ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी. बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांची छापील चिठ्ठी. डोळ्यांच्या शिबिरातलं कार्ड. दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट, एकावर मागच्या वर्षीची तारीख. आणि रबर लावून जपून ठेवलेली रिकामी पाकिटं.

आरोग्य केंद्रातून त्यांना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन सुट्या गोळ्या मिळत होत्या. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी एकच गोळी लिहिली होती, कंपनीच्या नावाची. तिच्यात तीच दोन औषधं एकत्र होती. बाई दोन्हीकडच्या गोळ्या घेत होत्या. त्यांच्या हिशेबाने सरकारी गोळी शुगरची आणि डॉक्टरांची गोळी ताकदीची. सकाळी भाकरतुकडा खाऊन निंदायला जायच्या, अकराच्या सुमाराला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. शुगर खाली चालली होती ती. त्यांना वाटलं बीपी वाढलं, म्हणून त्या तिसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि पिशवीत आणखी एक चिठ्ठी आली.

यात चुकलं कोण? प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी योग्य तेच दिलं, बाजारपेठेतल्या डॉक्टरांनीही. एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं इतकंच. आणि ठाऊक होणार तरी कसं? उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षण विभागाचं. शहरात गेलात तर महापालिका. कारखान्यात नोकरी असेल तर कामगार विमा योजनेचा दवाखाना. खासगी डॉक्टर आपापले स्वतंत्र. मधुमेह असा आजार आहे की त्यात रक्त एकाने बघायचं, डोळे दुसऱ्याने, पाय तिसऱ्याने, किडनीची तपासणी चौथ्याने, आणि हे वीस-तीस वर्षं न चुकता चालू ठेवायचं. हे सगळे कागद एका जागी येतात ते फक्त त्या पिवळ्या पिशवीत, आणि ती सांभाळणाऱ्या बाईला वाचता येत नाही. आता प्रत्येकाच्या आरोग्याच्या नोंदींसाठी सरकारी आभा क्रमांक निघालेत, आशाताईंच्या मोबाइलमध्ये नोंदी होतात. पण माझ्या बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने पिशवीऐवजी नुसता क्रमांक पुढे केलेला मी पाहिलेला नाही.

फुकट गोळीचा खरा खर्चही मेसेजवाल्याने मोजलेला नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून पहाटे न खाता निघायचं. पहिली गाडी चुकली की वडापची वाट बघायची. रांगेत केस पेपर, मग डॉक्टर, मग रक्त, मग जेवून दोन तासांनी पुन्हा रक्त. तोवर औषधाची खिडकी बंद व्हायची वेळ येते. दिवसाचा रोज बुडाला. गोळ्या मिळाल्या पंधरा दिवसांच्या, म्हणजे महिन्यात दोन रोज बुडाले. माझ्याकडे मेटफॉर्मिनचं दहा गोळ्यांचं पाकीट वीस रुपयांच्या आतबाहेर मिळतं. कापणी-मळणीच्या दिवसांत बायाबापड्या हा हिशेब बोटांवर करतात आणि माझ्याकडे येतात. त्यातही पूर्ण पाकीट घेणारे थोडे. “चार द्या सध्या, बाजारच्या दिवशी बाकीच्या नेते.” माझ्या काउंटरवर कात्री दोरीने बांधलेली आहे ती यासाठीच. पाकीट कापताना मी औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख त्यांच्या तुकड्यावर येईल असं कापतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी पाहिलं तर त्यांना निदान कळेल काय चालू आहे.

आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी? उपचार नीट चालला आहे का हे तिच्यावरून ठरतं. बाहेर तिला चारपाचशे रुपये पडतात. वर्षातून दोनदा तरी करा असं डॉक्टर सांगतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी ती आयुष्यात एकदाही केलेली नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आहे, आणि सिकलसेल असलेल्यांमध्ये ही तपासणी चुकीचा आकडा दाखवते. बऱ्याचदा खोटा कमी दाखवते. तिथे शुगर वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते.

राहिलं पाच लाखांचं कार्ड. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, दोन्ही दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. दर महिन्याच्या गोळ्या, साखर मोजायच्या पट्ट्या, डॉक्टरांची फी यांतलं काही त्यात बसत नाही. किडनी निकामी झाली की डायलिसिस योजनेतून होतं. ती निकामी होऊ नये म्हणून पंधरा वर्षं ज्या गोळ्या घ्यायच्या, त्या खिशातून. डायलिसिसला नाव लागलेल्या एका काकांनी मला सांगितलं होतं की शुगरच्या गोळ्यांना पैसे नव्हते म्हणून मध्ये दोन वर्षं त्यांनी काहीच घेतलं नाही. आज त्यांच्या आठवड्याच्या डायलिसिसवर सरकार जेवढा खर्च करतं, तेवढ्यात किती जणांच्या वर्षभराच्या गोळ्या झाल्या असत्या हे मला दुकानदार म्हणून सहज दिसतं. देशाच्या आरोग्य खर्चाचा २०२१-२२ चा सरकारी हिशेब सांगतो की एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ ला हाच वाटा ६४.२ टक्के होता. म्हणजे सुधारणा झाली आहे, ती नाकारत नाही. पण शुगरच्या माणसाचा खर्च दाखल न होता होतो, आणि नेमका तोच उघडा राहिला आहे.

‘गोळ्यांनी किडनी जाते, इन्शुलिन म्हणजे शेवट.’

मावशींना मी दुकानात सांगितलं तेच इथे लिहितो. किडनी खराब करते ती वाढलेली साखर आणि तिच्या जोडीचं वाढलेलं बीपी. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडते. किडनी बरीच कमजोर झाली की ती अंगात साठू नये म्हणून डॉक्टर तिचं प्रमाण कमी करतात किंवा ती बंद करतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच: किडनी गेली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. मग गोळीमुळेच किडनी गेली अशी समजूत होते. आमच्या भागात मी ती इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यावर रागवताही येत नाही. पण त्या समजुतीपायी बंद केलेल्या गोळ्या ज्यांना भोवल्या त्यांची तोंडं मला आठवतात.

इन्शुलिन १९२१ साली टोरांटोत सापडलं. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी असल्या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता, आणि मुलं तशीच संपत. शोध लावणाऱ्यांनी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं. जे औषध जगवण्यासाठी निघालं त्याला आपल्याकडे शेवट म्हणतात, याचं एक कारण आहे. आपल्याकडे ते दिलंच जातं फार उशिरा, पाय काळा पडल्यावर, दवाखान्यात खाटेवर. मग लोक इन्शुलिनचं आणि मरणाचं नातं जोडतात.

इन्शुलिनची खरी भीती कुठे आहे ते मी सांगतो. आपल्याकडे स्वस्त बाटली येते ती एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची, तिची सुई लाल टोपणाची. दुसरी बाटली १०० युनिटची, तिची सुई केशरी टोपणाची. सरकारी दवाखान्यातून ४० ची बाटली मिळते, पुढच्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यातून १०० ची. सुई घरात जी उरली असेल ती वापरली जाते. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सुईने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात २० च्या जागी ५० युनिट जातात. उलट झालं, ४० ची बाटली आणि केशरी सुई, तर २० च्या जागी आठच. पहिल्यात माणूस बेशुद्ध पडतो, दुसऱ्यात शुगर चढलेली राहते आणि लोक म्हणतात पथ्य पाळत नसेल. घरी कुणी इन्शुलिन घेत असेल तर आज उठून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग ताडून बघा. आणि ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी शेजाऱ्याच्या फ्रीजसाठी अवघडून बसू नये. वापरात असलेली बाटली सावलीत, पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात, पिशवीत बांधून ठेवली तर ती महिनाभर नीट राहते. उन्हाळ्यात मी लोकांना तेच सांगतो. बर्फात मात्र ठेवायची नाही.

‘काढा दोन महिने घ्या, मुळापासून जातो.’

कारलं, मेथी, जांभळाच्या बिया, विजयसारचा पेला. खा, प्या, माझी आडकाठी नाही. गोळी बंद करून प्यालात तर आहे. एका शाळकरी मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह होता. तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नव्हतं. कुणीतरी सांगितलं म्हणून घरच्यांनी सुई थांबवून काढा सुरू केला. सहाव्या दिवशी बाप तिला खांद्यावर टाकून माझ्या दुकानापुढे रिक्षा शोधत होता. ती धापा टाकत होती आणि तिच्या श्वासाला कुजक्या फळासारखा वास येत होता. ती वाचली. तेवढंच सांगतो.

शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात येऊ शकते का? काहींची येते, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन उतरवायला अनेक महिने अगदी मोजका आहार दिल्यावर, वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांची शुगर औषधांविना आटोक्यात होती. ती माणसं कोण होती तेही वाचा. निदान होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्शुलिन न घेणारी, सरासरी वजन शंभर किलोच्या घरातलं, आणि डॉक्टर-नर्स सतत मागे. माझ्याकडे येणाऱ्या पंचेचाळीस किलोच्या बाईला हाच उपाय जसाच्या तसा कुणी सांगावा? तिचं ताट आधीच भाकरी-भाताचं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ-अंडी तिची तिला विकत घ्यायची. ‘भात कमी करा, प्रोटीन वाढवा’ असं मी काउंटरवर सांगतो तेव्हा ती मान हलवते, आणि दोघांनाही माहीत असतं की हे घरी व्हायचं नाही.

‘ज्याला बरं व्हायचंय तो होतोच.’

त्याच राष्ट्रीय पाहणीच्या २०२२ सालच्या अहवालात, मधुमेह आहे हे माहीत असलेल्यांपैकी साखर आटोक्यात असलेले होते ३६.३ टक्के. साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही जागेवर असलेले फक्त ७.७ टक्के. यात शहरातले, शिकलेले, विमा असलेले सगळे आले. शंभरातल्या ब्याण्णव माणसांना बरंच व्हायचं नाही, असं म्हणणारा माणूस शुगरवाल्या एकाही घरात महिनाभर राहिलेला नसावा.

आमच्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एक दिवस चुकला की खाडा धरून पैसे कापतात. फडात पहाटे चारला उतरायचं, कोपीत राहायचं, कारखान्याची तोड संपेल तिकडे हलायचं. तिथून सरकारी दवाखाना गाठणं म्हणजे दोघांचा खाडा. आणि तिथे कागद मागतात इकडच्या आरोग्य केंद्राचा, तर इकडे मार्चमध्ये विचारतात, पाच महिने कुठे होतात. आशाताईंच्या यादीत जिचं नाव आहे, शुगरची नोंद आहे, तिला निघायच्या आधी पाच-सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्यात अडचण काय आहे? आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या उपकेंद्राने तिच्या त्याच नोंदीवर साखर तपासावी, गोळ्या द्याव्यात, एवढं झालं तरी कितीतरी पाय वाचतील.

एक कोयता दरवर्षी निघताना माझ्याकडे येतो. बाईला शुगर आहे, चाळिशीची असेल. मागच्या ऑक्टोबरात आरोग्य केंद्रातून तिला महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. उचलीतले पैसे काढून तिने माझ्याकडून आणखी दोन महिन्यांच्या घेतल्या. त्याच औषधाच्या, माझ्याकडे तेव्हा होत्या त्या कंपनीच्या. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा शुगर ३४० होती. मी विचारलं, गोळ्या कधी संपल्या? तिने कनवटीची पुडी सोडून काउंटरवर ठेवली. आत गोळ्यांचे अकरा अर्धे तुकडे होते. तीन महिन्यांच्या गोळ्या सहा महिने पुरवायच्या म्हणून तिने पहिल्या दिवसापासून गोळ्या विळ्यावर अर्ध्या करून रोज अर्धी घेतली होती, आणि तोड लवकर आटोपली म्हणून एवढ्या उरल्या होत्या. एकही दिवस चुकवला नाही, असं तिने दोनदा सांगितलं. माझ्याकडून नेलेल्या त्या गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या होत्या. त्या मोडून घ्यायच्या नसतात. हे मी तिला ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं.